मुकं दुखणं

त्या इवल्याशा गोल आरशात प्रथम तिला काहीच ओळखू येईना. नुसतं गुलाबी, ओलं, दिव्याच्या झोतात चकाकणारं काहीतरी, पाण्याखालच्या प्रदेशासारखं... मग डॉक्टरांनी दांडी किंचित फिरवली आणि तो दात आरशात आला. खालचा, डावीकडचा, शेवटचा, कडा शाबूत असलेला आणि मध्ये पोखरून तपकिरी झालेला. आणि त्याच्या पायथ्याशी, गाल आणि हिरडी जिथे एकमेकांना मिळतात त्या घळीत, एक पांढुरका, सुरकुतलेला पट्टा — भिजून वाळलेल्या कागदासारखा. दात पाहून महेकला वाईट वाटलं, कुठल्याही आईला वाटेल तसं. पट्टा पाहिला मात्र, आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप मुठीत मिटली.

"दात किडलाय ते दिसतंच आहे," डॉक्टर राजेश्वरी म्हणाल्या. "मुळाशी पू झालाय, म्हणून गाल सुजलाय. पण हिरडीला इथे काय लावताय तुम्ही?"

त्या मोठ्या खुर्चीत रुमाईसाचे पाय अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हते. पाच वर्षांचे पाय. एका पायात मोजा, दुसऱ्यातला घाईत घरीच राहिलेला. खाली बाजारात मुंबईच्या गाड्या एकमेकींवर हॉर्न वाजवत होत्या, आणि तो आवाज खिडकीच्या काचेला लागून आत येताना थोडा बोथट होत होता.

"लवंगेचं तेल? की आणखी काही? वास वेगळा येतोय."

महेकने तोंड उघडलं होतं. हे नंतर दिवसभर ती स्वतःला बजावत राहिली, की मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता, त्याची चवसुद्धा आली होती... आणि तेवढ्यात मागून, दाराजवळच्या स्टुलावरून, अम्मीचा आवाज आला.

"मिसरी. मी लावली."

डॉक्टर वळल्या. अम्मी, म्हणजे याह्याची आई, महेकची सासू, मांडीवर हात एकावर एक ठेवून सरळ बसली होती.

"पोरगी रडायला लागली का जीव ऱ्हात न्हाई, बाई. लावली वाईच. दोन-तीनदा."

"आजी! तंबाखू असते ती. एवढ्याशा मुलीला?"

"व्हय. चुकलं माझं."

आणि महेकने उघडलेलं तोंड मिटलं.

मिसरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, मग हाताने चुरलेली तंबाखू. कुसगावच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून ती दातांना घासतात, बोट गालात तसंच ठेवून बोलतात, थुंकतात, पुन्हा बोलतात. अम्मीने तीस वर्षं घासली. आणि सात वर्षांपूर्वी उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं, त्या आठवड्यात डबी उकिरड्यावर फेकली ती कायमची. तिथून आल्यावर महिनाभर तिचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, पण तिने पुन्हा तिला शिवलं नाही. सही करता न येणाऱ्या, आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या वाटांवरून चाललेल्या त्या बाईने स्वतः ठरवून, एकटीने तडीस नेलेली ही एकच गोष्ट होती. आणि गल्लीतल्या बायकांना "मी सोडली गं, तुमी बी सोडा" असं सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे शांत तेज यायचं ते ईदच्या दिवशीही येत नसे. ती गोष्ट तिने आत्ता एका अनोळखी डॉक्टरीणबाईंसमोर काढून ठेवली, दाराशी चप्पल काढावी तितक्या सहज.

म्हणजे अम्मीला माहीत होतं. कधीपासून?

"दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून कुणी लक्षच देत नाही," डॉक्टर हातमोजे काढत बोलत होत्या. आता त्या महेककडे पाहत होत्या, आणि त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नुसता रोजचा थकवा होता. "पण याच्याच खाली पक्का दात तयार होत असतो. इथे पू साठला की त्याला धोका."

पडणारच आहेत... हे वाक्य महेकचंच. रुमाईसा तीन वर्षांची असताना त्या दाताच्या मधोमध तिळाएवढा ठिपका दिसला होता, खिडकीशी, केस विंचरताना. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं की ही पहिली खेप आहे. शरीर माणसाला एक खेप चुकवायला देतं, मग खरे दात देतं. बाकी कशालाच अशी दुसरी खेप नसते, असाही एक विचार तेव्हा आला होता. कॉलेजच्या वहीत लिहून ठेवावा असा. वही कुठे आहे कुणास ठाऊक.

"आता नीट ऐका. सूज उतरली की शनिवारी आपण दात काढू. माझी काळजी हा पट्टा आहे. दोन-तीनदा लावल्यामुळे कातडी भाजली असेल तर पंधरा दिवसांत आपोआप जाईल. पण महिना-दोन महिने रोज लावत असाल तर गोष्ट वेगळी. मग मला हिला पुण्याला पाठवावं लागेल, तपासणीला, लगेच. आणि नुसती हिरडी नाही, एवढ्या लहान शरीराला त्याची तलफ लागते. तीही बघायला हवी. म्हणून पुन्हा विचारते. नक्की दोन-तीनदाच ना, आजी?"

अम्मीने महेककडे पाहिलं. पापणी लवावी इतकंच. डॉक्टर तेव्हा कागद ओढून घेत होत्या.

"व्हय."

भिंतीवर एक चित्र होतं, हातपाय फुटलेला, हसणारा एक दात, हातात ब्रश घेऊन उभा. महेक त्याच्याकडे पाहत राहिली. आठ आठवडे, ती मनात म्हणाली. मंगळवारची सुट्टी सोडून रोज.

"चिक्की किती खाते?"

"चिक्की आमी कशाला खातोय बाई," अम्मी म्हणाली, "ती तुमच्या पावन्यांची. आमी नुस्ता दुकानाचा रस्ता दावतो."

डॉक्टर न राहवून हसल्या. अम्मी असं बोलू शकते, या घडीला... महेकला वाटलं, जो माणूस खोटं स्वतःसाठी बोलत नाही त्याला त्याचं ओझं होत नसावं. ओझं मला आहे.

"काही आठवलं तर फोन करा," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावरच्या नंबराखाली पेनाने रेघ ओढली.

शेअर रिक्षात बोलता येण्यासारखं नव्हतं. रुमाईसा मध्ये, सुजलेला गाल अम्मीच्या दंडावर टेकवून. शेजारी कुणी भाजीची पिशवी घेतलेला माणूस. जानेवारीचं ऊन अजून अंगाला लागत नव्हतं. डोंगराच्या कडेला धुकं अडकून राहिलेलं, आणि द्रुतगती मार्गाचा तो अखंड, कधीही न थांबणारा घोष, जो कुसगावच्या माणसांना ऐकूच येत नाही, पाहुण्यांनी म्हटल्यावरच आठवतो. काही गोष्टींना कान असे सरावतात. बोटही सरावतं.

रिसॉर्टच्या लिननखोलीत महेक कामाला लागली तेव्हा पहिल्या महिन्यात तिला शिकवलं होतं ते डाग ओळखणं. चादरींचे ढीग खाली यायचे आणि धुण्याआधी ते निवडायचे: चहाचा वेगळा, हळदीचा वेगळा, लग्नसराईत मेंदीचा. रेणुका तिच्या शेजारी उभी राहायची. तुंगार्लीची, चाळिशीची, हसताना तोंडावर पदर धरणारी. चार वर्षांपूर्वी महेकची दाढ दुखत होती, आठ तास उभं राहायचं होतं, दीडशे उशांचे अभ्रे होते. रेणुकाने कनवटीची पुडी काढली. "लाव गं वाईच. दुखनं मुकं हुतं." आणि झालं. चक्कर आली, घाम फुटला, आणि मग दुखणं दाराबाहेर जाऊन बसलं. बी. ए. झालेली महेक, मिसरीच्या वासाने सासूपासून हातभर दूर बसणारी नवी नवरी महेक... आठवडाभरात तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, जिथे घरातलं कुणी हात घालत नाही तिथे, बामची एक रिकामी डबी आली. दाढ नंतर काढून टाकली. डबी राहिली. रमजानमध्ये दिवसभर भुकेचं काही वाटायचं नाही. दुपारी हे वाटायचं. कपाळ ठणकायचं, आणि संध्याकाळी खजूर तोंडात घालताना पहिली आठवण पाण्याची नसायची. त्या वेळी तिला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कुणाच्या शब्दांनी कधी वाटली नसती.

आणि रुमाईसा. दिवाळी संपून लग्नं सुरू झाली होती. दुपारी दोनला फाट्यावर रिसॉर्टची गाडी येते, दोन मिनिटं थांबते, जाते. दोनदा चुकली की मुकादम नाव लिहून घेतो. पावणेदोनला अम्मी आतल्या खोलीत जोहरच्या, दुपारच्या नमाजेला उभी राहायची, आणि नेमका त्याच वेळी तो दात ठणकायला लागायचा. जेवण झाल्यामुळे असेल, आई निघणार म्हणून असेल. पोरगी दाराशी आडवी पडून रडायची. पहिल्या दिवशी महेकने मिठाच्या पाण्याने चूळ भरवली. दुसऱ्या दिवशी लवंग. तिसऱ्या दिवशी... तिने जास्त विचार केलाच नव्हता, हेच खरं. बोटाच्या टोकावर राईएवढी. "गिळायचं नाही हं. थुंकायचं." रुमाईसाचे डोळे मोठे झाले, ती थुंकली, मग भिंतीला टेकून बसली, शांत, जरा पेंगुळलेली, आणि महेक धावत सुटली, गाडी मिळाली, आणि गाडीत बसल्यावर तिला वाटलं होतं — हे आठवलं की रिक्षातही तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं होई — तिला वाटलं होतं, किती सोपं होतं.

फाट्यावर उतरून गल्लीकडे वळल्यावर रुमाईसा चार पावलं पुढे गेली, एका शेळीमागे. तेव्हा महेक म्हणाली, "अम्मी, तुम्हाला कधीपासून..."

"नाकाला कळत न्हाई व्हय? तीस वर्सं लावली मी." अम्मी चालता चालताच बोलत होती, समोर बघून. "मी जोहरला हुबी ऱ्हायले का मागनं वास यायचा. सजद्यात कपाळ टेकलं तरी बी यायचा. तोंडाला पानी सुटायचं माझ्या, तौबा तौबा. मला वाटायचं, तुझं तू लावतीस. पोरीचं परवा कळलं, पापा घेतला तवा."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी कुन्या तोंडानं बोलू? याच तोंडानं?"

"पण डॉक्टरांना असं..."

अम्मी थांबली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि शेळीला पाला भरवणाऱ्या नातीकडे पाहत, अगदी व्यवहाराचं काही सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आईनं लावली म्हनलं का पोरीच्या डोक्यात जनमभर ऱ्हातं. दादीचं काय? दादी मरून जाती, तिच्यासंगं तेबी जातं." मग पुन्हा चालू लागत, "दोन-तीनदाच न्हवं? मी आपलं अंदाजानं म्हनले."

इथे सांगता आलं असतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं.

"हो," महेक म्हणाली.

आणि त्या 'हो'बरोबर आतमध्ये काहीतरी इतक्या शांतपणे बंद झालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. दवाखान्यात ती गप्प बसली होती. गप्प बसण्याला निदान म्हणता येतं की वेळ मिळाला नाही. हे तिने बोलून केलं होतं. अम्मीने खोटं बोलून जे तिच्यावरून उचललं होतं, ते तिने खरं न बोलता अम्मीच्याच खांद्यावर नीट बांधून दिलं. आणि तेही अपुरं, दोन-तीनदा एवढंच, म्हणजे त्या म्हातारीला आपण काय वाहतोय हेसुद्धा ठाऊक नाही.

याह्या एक वाजता जेवायला आला. हॉटेलांचे गीझर दुरुस्त करून त्याच्या हातांना सतत एक गंजका वास असतो. अम्मीने त्याच्यापुढे ताट ठेवलं, भाकरी वाढली, आणि त्याने पहिला घास तोंडात घालायच्या आत सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांना सांगितलं होतं तसंच. घास हातात धरून त्याने मान वर केली. मग म्हणाला, "अम्मी, तू?"

"व्हय."

"गल्लीभर सांगत फिरायचीस ना, सोडली म्हणून? उमरा करून आलीस, आणि..." त्याने घास खाली ठेवला. "बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी हात तोडला असता. तुला काय म्हणू आता?"

"काय म्हनायचं ते म्हन. आदी जेव."

"काही दिवस वराळ्याला आपाकडे, तुझ्या लेकीकडे जाऊन राहा. रुमाईसाचं मी बघतो काहीतरी."

"जाते की. आपाची पोरं बी रडकीच हायेत. पन त्यास्नी न्हाई लावत, भिऊ नगं."

तो हसला नाही. उठताना मात्र महेकपाशी थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू कामावर असतेस. तुझा काय दोष यात." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याचा चांगुलपणा होता, खराखुरा. आणि तिला वाटलं, याने मला मारलं असतं तर मी आत्ता बोलले असते.

तो गेला. अम्मीने ट्रंकेतून दोन लुगडी काढून पिशवीत भरली, एक पुन्हा बाहेर काढून ठेवलं, वजूसाठी हातपाय धुतले, आतल्या खोलीत गेली. घड्याळात पावणेदोन. पडद्याआडून चटई उलगडल्याचा आवाज. महेकने पर्स खांद्याला लावली. शनिवारी दात निघेल, पंधरा दिवसांनी डॉक्टर पट्टा बघतील, गेला असेल. जाईलच. आजपासून बंद, आणि बंद झालं की जाईलच, आणि मग कुणाला कशाला... माझी दाढ काढली तेव्हा मला कुणी विचारलं होतं का? मीही बरी आहेच की.

ओढणीला ओढ बसली.

रुमाईसा खाली उभी होती. मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंड उघडून.

"दुखतंय?" महेकने विचारलं. औषध तासाभरापूर्वीच दिलं होतं. गालाची लालीही जरा उतरली होती.

उघड्या तोंडानेच मान हलली. नाही.

"मग?"

"लाव ना," रुमाईसा म्हणाली. "दोन वाजले."

तिला घड्याळ वाचता येत नाही. अजून तिला अंगणवाडीत पाचापर्यंतचे आकडे शिकवतायत. तरी दोन वाजत आले होते, आणि ते तिला भिंतीवरून नाही, तोंडातून कळलं होतं. जसं रमजानच्या त्या दुपारी... आणि मग एकेक मंगळवार समोर येऊ लागला, दुपारभर किरकिरणारी, वस्तू आपटणारी रुमाईसा, आणि मी म्हणायची, आई घरी असली की लाडात येते. आठ मंगळवार. खालच्या ओठावर तिच्या लाळेचा एक थेंब जमून लोंबत होता, ती वाट पाहत होती, इतक्या विश्वासाने, की मिटल्या डोळ्यांच्या पापण्याही हलत नव्हत्या. आणि तिला पाहता पाहता महेकला जाणवलं की आपण गिळलं. आपल्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याच घटकेला, तेवढंच. दोघी समोरासमोर, एकीची तहान दुसरीत उतरलेली. आणि पडद्यापलीकडे तिसरी, जिने ती सात वर्षांपूर्वी उकिरड्यावर टाकली आणि आज उचलून पुन्हा अंगावर घेतली.

फाट्यावरून गाडीचा हॉर्न आला. लांबून, दोनदा.

रुमाईसाने डोळे उघडले. "आई, गाडी."

मी पर्स खाली ठेवली. का ते मला सांगता येणार नाही. हा काही निश्चय नव्हता, निश्चयाला लागतं तेवढं बळ माझ्यात नव्हतं. मी फरशीवर बसले आणि तिला मांडीवर ओढून घेतलं तेव्हा ती चिडली, तिने माझ्या दंडाला चावलं, त्या दुखऱ्या बाजूने नाही, दुसऱ्या. मग रडू लागली, नेहमीसारखं नाही, कुणाला ऐकवायचं नसलेलं, किरकिरं, कोरडं रडणं. ते कसलं आहे हे मला माहीत होतं. या घरातल्या आम्हा दोघींना माहीत होतं, फक्त तिलाच नव्हतं. मी तिला तसंच धरून ठेवलं. हॉर्न आणखी एकदा वाजला, मग गाडी वळल्याचा आवाज, मग द्रुतगती मार्गाचा घोष, जो मला किती दिवसांनी ऐकू आला. पडद्याच्या फटीतून अम्मीची वाकलेली पाठ दिसत होती. आठ आठवडे मी त्या पाठीकडे याच जागेवरून पाहत आले होते, आणि प्रत्येक वेळी मनात एकच असायचं, की अम्मीचा शेवटचा सलाम फिरायच्या आत माझं आटपून व्हावं, नमाज अजून थोडी लांबावी. आज मी ती संपायची वाट पाहत होते. अम्मी पुन्हा सजद्यात गेली. रुमाईसाच्या हुंदक्यांनी माझं अंग हलत होतं, अम्मीला सांगायचा तो आकडा तोंडात तयार होता, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटत होती ती नमाज फार लांबेल याची.